क्लेमेंटाइनची जात नंतर निवडा, आधी कलमाचा जोड मातीबाहेर आहे का ते पाहा

पाऊस लागण्याआधी हे काम उरकाच. क्लेमेंटाइनच्या (हे संत्र्याच्या जातकुळीतले लहान, गोड फळझाड) बुंध्याशी बसा, हाताने माती बाजूला करा आणि कलमाचा जोड शोधा. खुंट (कलमाखालचे, मुळांचे रोप) आणि वरची जात जुळते तिथे खोड थोडे फुगलेले किंवा वाकलेले असते. हा जोड जमिनीच्या 15 ते 20 सेंमी वर हवा. मातीत गेला असेल तर आजच उघडा करा.

कारण साधे आहे. क्लेमेंटाइनची स्वतःची साल फायटोप्थोरा बुरशीला लवकर बळी पडते. खुंट निवडतात तो बऱ्याचदा हा रोग सोसण्यासाठीच. जोड गाडला की ओली माती थेट नाजूक सालीला टेकते आणि खुंटाचे पैसे वाया जातात. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे बुंध्याशी साचलेले पाणी म्हणजे रोगाला आमंत्रण. त्यातूनच डिंक्या (बुंध्यातून डिंक गळणे) आणि मूळकूज येते.

आता जातींबद्दल. सगळ्यांचे मूळ अल्जीरियातल्या मिसरघिनचे. 1902 मध्ये या फळाला तिथले फ्रेंच मिशनरी क्लेमाँ रोदिए यांचे नाव मिळाले. पुढच्या बहुतेक जाती म्हणजे एखाद्या फांदीत आपोआप झालेला बदल.

'फिना' चवीला सर्वांत सुगंधी, पण फळ लहान. 'नुलेस' फिनापासूनच 1953 मध्ये स्पेनमध्ये सापडली: फळ मोठे, साल सहज सुटते, बी नसते. घरी एकच झाड लावायचे तर नुलेस लावा. फळ पिकल्यावर फार दिवस झाडावर ठेवू नका, साल फुगून सुटी होते. 'मारिसोल' बरीच लवकर येते. तोडणी लांबली तर रस कमी होतो. 'हर्नांदिना' उशिराची, पिकूनही झाडावर टिकते, मात्र फळाच्या टोकाशी हिरवट छटा राहू शकते. 'मोनरेआल' एकटे असूनही भरपूर धरते, पण बिया खूप.

'खास बिनबियांचे' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. मोनरेआल सोडली तर ही झाडे स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत. दोन क्लेमेंटाइन शेजारी असल्या तरी बी येत नाही. शेजारी लिंबू किंवा परागक्षम दुसरे मँडरिन (संत्र्याच्या गटातले झाड) असेल तर मात्र महागड्या रोपालाही बिया येतील.

रोप घेताना जातीइतकेच ठासून खुंट विचारा. विक्रेत्याला खुंट सांगता येत नसेल तर रोप घेऊ नका. ट्रायफोलिएट (तीन पर्णिकांचे काटेरी लिंबूवर्गीय झाड) खुंट मूळकूज चांगला सोसतो, पण चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. कुंडीसाठी 'फ्लाइंग ड्रॅगन' उत्तम, झाड बुटके राहते. चुनखडीत क्लिओपात्रा मँडरिनचा खुंट बरा, पण पाणी साचणाऱ्या जागी नको. जंभेरी खुंटावर झाड जोमाने वाढते खरे, पण पायकुजीला तोही बळी पडतो.

लावताना रोप हवे त्यापेक्षा 5 सेंमी उंच ठेवा, माती बसते तसे ते खाली जाते. आळे दुहेरी करा: बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, पाणी बाहेरच्या कड्यात. आच्छादन बुंध्यापासून 15 सेंमी दूर.

बुंध्याला डिंक दिसला की नखाने साल खरवडा. आतून हिरवट-पांढरी असेल तर ठीक. तपकिरी आणि आंबूस वास असेल तर रोगट साल निरोगी भागापर्यंत धारदार चाकूने काढा आणि बोर्डो मलम लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरात. दोन्ही एकदम तिसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात ओता, लोखंडी भांडे नको. लोखंडी खिळा बुडवून पाहा, तांबूस झाला तर चुना वाढवा. रोग मुळांपर्यंत गेला असेल तर मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेबचे मिश्रण 2.5 ग्रॅम प्रति लिटर, बुंध्याभोवती आळवणी. फळे असतील तर लेबलवरचा काढणीपूर्व काळ पाळा.

शिरा पिवळ्या पडल्या की दुकानदार ह्युमिक आम्ल आणि मुळे वाढवणारे 'रूट बूस्टर' पुढे करतो. घेऊ नका. आमचा अंदाज असा: कुंडी उचलून जड लागते आणि तरी सकाळी पाने मलूल असतात, तेव्हा मुळे गुदमरलेली असतात. पाणी थांबवा, जोड पुन्हा तपासा.

बाकीची कामे:
- जोडाखालचे फुटवे दिसताच हाताने ओढून काढा.
- कोवळ्या पालवीवर नागअळी: 5 टक्के निंबोळी अर्क.
- कुंडी किमान 45 सेंमी व्यासाची, तळाला मोकळी छिद्रे.
- वाळक्या फांद्या कोरड्या दिवशी छाटा.
- कुंडीखालच्या ताटल्या पावसाळाभर काढून ठेवा.

मुसळधार पाऊस पडून गेला की पावसाच्या धारांनी बुंध्याशी माती चढलेली असते. प्रत्येक मोठ्या सरीनंतर ती हाताने खाली ओढा.