बाप्तिस्म्याच्या हौदातलं पाणी कोमट कसं करायचं

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हा प्रश्नच येत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगाला चटका देतं. ते आदल्या रात्रीच हौदात सोडून निववावं लागतं. अडचण येते ती नाताळच्या आसपास. पहाटे पारा १५ अंशांच्या घरात जातो, टाकीतलं पाणी २०–२२ अंशांवर उतरतं, आणि बाप्तिस्मा घेणारे पंधरा-वीस असले तर विधी करणाऱ्या पाळकांना बराच वेळ कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं लागतं.

पाणी ३२ अंशांवर आणायचं. ३० च्या खाली म्हातारी माणसं उतरताच श्वास अडकल्यासारखं करतात, आणि ३५ च्या वर गेलं की झगा घालून उभ्या असलेल्या पाळकांना घेरी यायची भीती.

आधी हिशोब करा, हीटरच्या दुकानात नंतर जा. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करा, त्याला १००० ने गुणलं की लिटर मिळतात. लिटर गुणिले जितके अंश वाढवायचे ते, भागिले ८६०, इतकी युनिटं लागतात. २.४ × १.५ मीटरच्या हौदात १ मीटर पाणी म्हणजे ३६०० लिटर. २२ वरून ३२ वर न्यायला ४२ युनिट. भिंती आणि फरशी जी उष्णता खातात ती धरून ४८.

आता हेच पाणी बोअरचं घेतलं तर? जमिनीखालचं पाणी आपल्याकडे हिवाळ्यातही साधारण २६–२७ अंशांवर असतं. म्हणजे पाचच अंश वाढवायचे, भिंती-फरशी धरूनही २४ युनिटांत काम. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पालिकेचं पाणी टाकीत पडून गार झालेलंच मिळतं. बोअर असेल तर हौद त्यानेच भरा, आणि टाकीत न चढवता थेट. बोअरचं पाणी जड असतं, त्याचा त्रास हीटरच्या कॉइलला होतो. त्याचा उपाय शेवटी दिला आहे.

दुसरी फुकटची बचत झाकण्यात आहे. उघड्या पाण्याची उष्णता सगळ्यात जास्त वाफेवाटे जाते. ५० मिमी जाडीचे थर्माकोलचे तक्ते पाण्यावर तरंगत सोडा, वरून प्लास्टिक अंथरा. चादर टाकून भागत नाही, सोलापुरी असली तरी. ती भिजते आणि पाण्याला आणखी गार करते.

तापवायची कायमची पद्धत अशी: हौदाच्या तळाशी जाळी लावलेला सक्शन (पाणी ओढणारा पाइप), अर्धा एचपीचा पंप, त्यापुढे पाइपमध्ये बसणारा ६ किलोवॅटचा हीटर, आणि परतीचा पाइप समोरच्या बाजूला. ६ किलोवॅटला २३० व्होल्टवर २६ अँपिअर लागतात, म्हणून स्वतंत्र लाइन, ६ चौरस मिमी तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो आधी पाहा. फ्लो स्विच, म्हणजे पाण्याचा प्रवाह थांबला की हीटर बंद करणारा स्विच, हवाच. पंपात हवा अडकून प्रवाह थांबला आणि कॉइल चालूच राहिली, तर ती मिनिटांत जळते. ४८ युनिटांना आठ तास लागतात: रात्री ११ ला चालू केलं तर सकाळी ७ ला तयार. बोअरच्या पाण्याला चार तास.

वर्षातून एक-दोनदाच बाप्तिस्मा असेल तर एवढा खर्च कशाला? केटरिंगवाल्याची गॅसभट्टी आणि पातेली आणा. हौद बोअरच्या पाण्याने भरायचा, पण सुमारे २७० लिटरची जागा ठेवून. तेवढं पाणी उकळीपर्यंत आणून त्यात ओतायचं. टाकीचं गार पाणी असेल तर हाच आकडा ५०० च्या आसपास जातो. गॅस चार-पाच किलो, गार पाण्याला त्याच्या दुप्पट. ओतताना हौदात कोणी नको, आणि पातेलं अर्धंच भरून उचला. शहाबादी फरशी ओली झाली की पाय सरकतो, तिथे पोती टाका.

गरम पाणी वर तरंगतं, हे विसरू नका. वर हात घातला तर मस्त ऊबदार, आणि पाय टाकले की बर्फ. थर्मामीटर दोरीला बांधून गुडघ्याच्या उंचीवर सोडा, आणि लाकडी फळीने पाणी तळापासून ढवळून मगच मोजा. थर्मोस्टॅट लवकर बंद होण्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

इमर्शन रॉडचा विचार डोक्यातून काढा. दीड किलोवॅटच्या रॉडला ४२ युनिटं द्यायला २८ तास लागतात, आणि तो पाण्यात असताना कोणी हौदाला हात लावला तर जीव जाऊ शकतो. कुठलाही हीटर असो, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं, स्टीलची रेलिंगही अर्थला जोडलेली हवी. पहिला माणूस पाण्यात उतरण्याआधी हीटर आणि पंप दोन्ही डबल पोल स्विचने (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) बंद. हौदापाशी वायरचा माइक नको. २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या वेको शहरात बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभ्या पाळकांनी माइकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने ते गेले. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर कॉइल फुटली आहे किंवा सांध्यात पाणी गेलं आहे; तो काढून थेट जोडून देणारा वायरमन परत बोलावू नका.

रात्रभर पाणी राहणार म्हणून ३६०० लिटरला २० ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरे. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी हौदात. कार्यक्रम झाला की त्याच दिवशी हौद रिकामा करा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या. पाणी गटारात सोडायचं नसेल तर संडासाच्या फ्लशला पाणी देणाऱ्या टाकीत चढवा, एक दिवसाने झाडांनाही चालतं.

कॉइलवर पांढरा थर दिसला की लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) या हिशोबाने द्रावण करून त्यात ती तासभर बुडवून ठेवा. लोखंडी घासणी लावू नका. थर जाड झाला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल आतूनच तापून फुटते, आणि ते कळतं नेमकं रविवारी सकाळी.