एएची मिटिंग शोधायची कशी, आणि गेटवरून परत न फिरता आत जायचं कसं

आपण बेवडे आहोत का नाही हे आधी ठरवायचं आणि मग मिटिंगला जायचं, असं काही नसतं. मी दोन वर्षं त्यातच घालवली. श्रावण कडक पाळायचो, गणपतीत ग्लासाला हात लावायचो नाही, म्हणजे बघा कंट्रोल आहे की नाही असं बायकोलाच वर ऐकवायचो, आणि अनंत चतुर्दशीला विसर्जनावरून परस्पर बारमध्ये. एएमध्ये, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्या लोकांच्या संघटनेत, यायला अट एकच आहे, दारू सोडायची इच्छा पाहिजे. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही.

पण थांबा, रोज पिणारे असाल आणि सकाळी घोट घेतल्याशिवाय हाताची थरथर जात नसेल तर आजपासून बंद म्हणून हिरोगिरी करू नका. एकदम सोडल्यावर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं, पहिले तीन-चार दिवस जास्त डेंजर. आधी डॉक्टर गाठा. सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाईन आहे, १४४४६. पुण्याकडचे असाल तर येरवड्याचं मुक्तांगण आहेच, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, तिथे ॲडमिट राहून उपचार होतात. आणि ॲडमिट होऊन आलो, आता मिटिंग कशाला, हे डोक्यात आणू नका, खरी गंमत घरी आल्यावर, जुना रस्ता जुने मित्र समोर आले की सुरू होते.

आता शोधायचं कसं. एए अमेरिकेत १९३५ ला सुरू झालं, आपल्याकडे १९५७ पासून आहे, त्यामुळे मुंबई-पुणे-गोव्यात ग्रुप भरपूर आणि जिल्ह्याच्या गावीही चौकशी केली तर बऱ्याचदा सापडतो. एए इंडियाच्या वेबसाईटवर शहराप्रमाणे मिटिंगची माहिती आणि हेल्पलाईन नंबर असतात. नुसतं मॅपवर बघून निघू नका, जागा बदलतात, वेळा बदलतात. फोन करा. पलीकडे बोलणारा कॉल सेंटरवाला नसतो, आपल्यासारखाच कधीकाळी पिणारा असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही. त्याला विचारून घ्या की मिटिंग मराठीत चालते का हिंदीत, कुठल्या गेटने यायचं, कितवा मजला, आणि ओपन आहे का क्लोज्ड. ओपनला घरचे पण येऊ शकतात, क्लोज्ड फक्त दारूचा प्रॉब्लेम असणाऱ्यांसाठी. गेटवर कोणी भेटेल का असंही विचारा, बहुतेक हो म्हणतात. बायकांनी फक्त महिलांची मिटिंग आहे का ते विचारावं, जवळ नसेल तर ऑनलाईन चालतात. गल्फमध्ये किंवा लांब कुठे असाल तरी ऑनलाईनचा रस्ता आहेच.

जागा म्हणजे शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, असलं काहीतरी असतं. चर्चमध्ये आहे म्हणून धर्मबिर्म बदलतील ही भीती माझ्या आईला होती, तसं काही नाही, हॉल मिळाला म्हणून तिथे. मी पहिल्या दिवशी शाळेच्या गेटसमोरून तीन वेळा गाडी नेली आणि घरी आलो (घरी म्हणजे कुठे ते समजून घ्या). चौथ्यांदा वॉचमननेच हात केला, 'एएवाले ना? वर जा, दुसरा मजला.' त्याला रोजचंच होतं.

आत गेल्यावर मागच्या बाकावर बसा, चालतं. साधारण तास-दीड तास असतो. एकेक जण उठून नाव सांगतो, अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःची कहाणी सांगतो, याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ले देत नाही. तुमच्यावर वेळ आली तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, विषय संपला. खरं नाव, आडनाव, ऑफिस काही सांगायची गरज नाही. मध्येच डबा फिरतो, चहा-भाड्याचे पैसे, नवीन माणसाने नाही टाकले तरी चालतं. ईश्वराचा उल्लेख येतो, मी तसा नास्तिकच, पण 'तुम्हाला समजेल तसा' असं म्हणतात म्हणून मी तेवढ्यावरून वाद घातला नाही. पिऊन गेलात तर? या, फक्त गप्प बसा.

पहिल्या मिटिंगवरून निकाल लावू नका. मला पहिला ग्रुप जाम बोअर झाला, एक काका अर्धा तास स्वतःचंच रडगाणं, दुसऱ्या एरियातल्या ग्रुपमध्ये मात्र माझ्यासारखाच सेल्समधला एक जण निघाला आणि तिथे जमलं. चार-पाच ठिकाणी फिरा. जुने लोक म्हणतात ९० दिवसांत ९० मिटिंग, नोकरी सांभाळून जमतील तेवढ्या करा. निघताना दोन-तीन नंबर घ्या, तलफ आली की प्यायच्या आधी फोन करायचा, नंतर नाही. पुढे स्पॉन्सर धरायचा, म्हणजे बरीच वर्षं न पिणारा जुना माणूस जो बारा पायऱ्या, म्हणजे एएचा दारूपासून सुटायचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम, करून घेतो, शक्यतो पुरुषाने पुरुष, बाईने बाई. तो डॉक्टर नाही हे लक्षात ठेवा, कोणी गोळ्या बंद कर म्हणालं तर ऐकायचं नाही. पैशाचे व्यवहार तर अजिबात नकोत, हा माझा स्वतःचा नियम.

घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, तुम्ही अजून पीत असलात तरी बायको किंवा आई जाऊ शकते.

आणि संध्याकाळची मिटिंग असेल तर ऑफिसातून घरी न जाता सरळ तिकडेच जा, एकदा सोफ्यावर बसलात की उठणार नाही. वाटेत वडापाव मारा, रिकाम्या पोटी तलफ जास्त येते.