शेळी गाभडली तर: ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी दुधाळ शेळीपालकांना सल्ला

जून-जुलैत फळलेल्या शेळ्यांना आता चौथा महिना लागला आहे. शिरूर, दौंड, इंदापूर, जुन्नरकडच्या गोठ्यांत लवकरच वेत सुरू होतील. शेळ्या गाभडतात, म्हणजे दिवस भरण्याआधीच गाभ टाकतात, त्या बहुतेक याच टप्प्यात. दुसरीने ढुशी दिली म्हणून एखादी गाभडू शकते, पण आठ-पंधरा दिवसांत आणखी एक गाभडली तर तो संसर्गच धरून चाला.

शेवटच्या दोन महिन्यांत गाभ टाकला तर पहिली शंका ब्रुसेलोसिस या जिवाणूजन्य रोगाची घ्यावी. क्लॅमिडिया, मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा, खराब मुरघासातला (साठवून आंबवलेल्या चाऱ्यातला) लिस्टेरिया हे जंतूसुद्धा कारण असतात. नुसतं बघून यातलं नेमकं कोणतं, हे पशुवैद्यकालाही सांगता येत नाही. म्हणून नमुना गेलाच पाहिजे. गाभडलेलं करडू आणि त्यासोबत पडलेली वार (गर्भाचं वेष्टण) दुहेरी पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवा. शेळीचं रक्त लगेच एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. दवाखाना लांब असेल तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

हे सगळं करताना हातात मोजे हवेतच. घरातल्या गरोदर बाईला या कामाला अजिबात लावू नका. उरलेली घाण कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. अहवाल येईपर्यंत शेळी वेगळी बांधा. ब्रुसेलोसिस निघाला तर औषधाने ती पूर्ण निर्धोक होईल अशी खात्री देता येत नाही. गायी-म्हशींच्या वासरींना सरकारी मोहिमेत या रोगाची लस मिळते, शेळ्यांना नाही. त्यामुळे बाधित शेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कळपातून काढणं हाच मार्ग उरतो. पण ती चाकणच्या बाजारात निरोगी म्हणून उभी करू नका. घेणाऱ्याचा सगळा कळप आणि त्याच्या घरातली माणसंही त्यात सापडतात.

दुधाचंही तेच. पावसाळा सरताना डेंगी वाढला की पुण्यातून शेळीच्या दुधाला मागणी येते, आणि प्लेटलेट वाढतील या आशेने लोक ते कच्चंच पितात. त्याला भक्कम आधार नाही. उलट कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो: ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, निदान व्हायला महिने जातात. दूध उकळूनच प्यायचं, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच बजावून सांगा.

पोट वाढलं, दिवस भरून गेले आणि नुसतंच पाणी गेलं, तर ती खोटी गाभण असते. दुधाळ जातींत हे बरंच दिसतं. फळवल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर आधीच कळतं, आणि पशुवैद्यकाच्या इंजेक्शनने शेळी पुन्हा माजावर आणता येते. सानेन ही दुधाळ जात पाळणाऱ्यांनी भुंड्या (जन्मतः बिनशिंगी) शेळीला भुंडा बोकड लावू नये. अशा जोडीत ना धड नर ना धड मादी अशी वांझ करडं निपजतात.

गाभण शेळी विण्याआधी दीड-दोन महिने आटवा, म्हणजे तिचं दूध काढणं बंद करा. पोटात दोन-तीन करडं असतील तर शेवटच्या महिन्यात खुराक हळूहळू वाढवा. ती खायची थांबली, दात खाऊ लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. पैदाशीचा बोकड पुढच्या हंगामाआधी तपासून घ्या. त्याचं अंड सुजलेलं दिसलं तर रक्ताचा अहवाल येईपर्यंत त्याला एकाही शेळीवर सोडू नका.