खानापूर-बेळगाव रोजच्या फेरीत बाईकची चेन

खानापूरहून बेळगावला रोज ये-जा म्हणजे दिवसाला पन्नासेक किलोमीटर. उघड्या चेनची १०० ते १५० सीसी गाडी असेल तर पुस्तकात ५०० किमीला ऑइलिंग लिहिलेलं असलं, तरी पावसाळ्यात आठवड्याला एकदा कराच. इथली तांबडी माती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी स्प्रॉकेटची, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्रांची, दातं घासते.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं जातात. रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारा, पेट्रोल नको, ओ-रिंग चेनची रबरं खराब होतात. कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने थेंब-थेंब सोडा. हे रात्री करावं, म्हणजे सकाळपर्यंत ऑइल मुरतं. जास्तीचं पुसून टाका, नाहीतर पँटची मागची बाजू गेलीच.

चेनची ढिलाई, म्हणजे ती वर-खाली किती हलते ते, बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिमी. नेमका आकडा पुस्तकात बघा. चाक फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथेच मोजा. सैल जागी मोजून ताणली तर बेअरिंगवर भार येतो. मागच्या ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर (चेन ताणायचे नट) सारखेच फिरवा, खुणा जुळवा. चाक मागे सरकल्यावर ड्रम ब्रेकच्या पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) सुद्धा बदलतो, तोही लगेच तपासा.

चेन लॉकच्या, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या, क्लिपचं उघडं तोंड चेन फिरण्याच्या उलट दिशेला हवं. मागच्या स्प्रॉकेटवरून कडी ओढल्यावर अर्धा दात दिसला तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन, पूर्ण सेटच बदला.