नळ गोठला तेव्हा काय केलं (नागानो, जपान)

मी नागानोच्या डोंगरातल्या एका गावात शाळेत इंग्लिश शिकवते, एएलटी म्हणजे सहायक भाषाशिक्षक म्हणून. पहिल्याच जानेवारीत सकाळी उठले तर नळाला पाणीच नाही, बाहेर उणे ९ आणि साडेआठला शाळेत पोचायचं. घाईत किटलीतलं उकळतं पाणी पाइपवर ओतणार तेवढ्यात शेजारच्या आजी "दामे, दामे" (नको, नको) म्हणत धावत आल्या आणि हात धरला, कारण एकदम इतकं गरम पाणी पडलं की पाइप तडकतो. मग त्यांनी सांगितलं तसं पाइपला जुना टॉवेल गुंडाळला, नळ थोडा उघडा ठेवला आणि कोमट पाणी हळूहळू ओतत राहिले, वीसेक मिनिटांनी धार लागली.

पण खरं काम रात्रीचंच, पाइपमधलं पाणी काढून टाकायचं म्हणजे ते गोठत नाही, इथे त्याला मिझुनुकी म्हणतात. आधी पाणी उतरवायचा वॉल्व्ह फिरवून मेन बंद करायचा, मग घरातले सगळे नळ उघडायचे म्हणजे हवा आत शिरते आणि पाइपमधलं पाणी खाली जमिनीत निघून जातं. गीझरचं पाणी वेगळं काढावं लागतं हां, मी नेमकं तेच विसरले होते. पारा उणे ४ च्या खाली जाणार असेल तर कंटाळा करू नका, प्लीज. सकाळी आधी नळ बंद, मगच वॉल्व्ह उघडा.

आजींना दुसऱ्या दिवशी कांदाभजी नेऊन दिली, अजून विचारतात परत कधी करणार म्हणून.