‘शाटानटँगो’ घरी बघायचाय? आधी टीव्ही ताळ्यावर आणा

हंगेरियन लेखक लास्लो क्रास्नाहोर्काई यांना २०२५ चं साहित्याचं नोबेल मिळालं आणि त्यांच्या कादंबरीवरचा दिग्दर्शक बेला टार यांचा चित्रपट ‘शाटानटँगो’ (१९९४) पुन्हा लोकांच्या यादीत आला. कृष्णधवल, सव्वासात तास. ‘संयम ठेवा’ हा सल्ला जो तो देतो. संयमाचं नंतर बघू, आधी टीव्हीचा रिमोट घ्या.

प्रत २०१९ ची, मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून केलेली ४के घ्या. संवाद हंगेरियन आहेत, तेव्हा सबटायटल्स तपासा.

आता टीव्ही. दुकानातून येतो तो क्रिकेट आणि मालिकांसाठी भडक केलेला. सगळ्यात आधी मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव देऊन मेनूत खोल दडवलेलं असतं, पण शोधाच. सेकंदाच्या २४ फ्रेम्सच्या मधे टीव्ही स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो. या सबंध चित्रपटात शॉट फक्त दीडशेच्या आसपास, म्हणजे एकेक लांबलचक, त्यामुळे कॅमेरा एकदा सरकायला लागला की सरकतच राहतो आणि ही लबाडी डोळ्यांत खुपते. चाचणी पहिल्याच शॉटवर घ्या. गोठ्यातून गाई चिखलात येतात, कॅमेरा भिंतींच्या कडेने बाजूला सरकत जातो. गाई सोडा, पोपडे निघालेल्या भिंतीकडे बघा. तिच्या कडा तेलकट, घसरल्यासारख्या दिसल्या तर स्मूदिंग अजून चालूच आहे.

मग नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर फिल्मचा ग्रेन (चित्रातले बारीक कण) पुसला जाऊन चिखलसुद्धा प्लास्टिकचा दिसतो. शार्पनेस अगदी कमी. ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये करडा रंग निळसर होतो, म्हणून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सरही बंद. चित्रपटातल्या डॉक्टरच्या अंधाऱ्या घरात तो असला-नसला उजेड गिळतो. डाव्या-उजव्या बाजूला बारीक काळ्या पट्ट्या दिसतील. चित्राची चौकटच १.६६:१ ची आहे, झूम करून ती कापू नका. ‘काही तास बटण दाबलं नाही की बंद’ ही सोयही काढून टाका. शेवटी पडदा पूर्ण काळा होऊन नुसता आवाज उरतो. तेव्हा टीव्ही गेला म्हणून उठून वायरी हलवणारे लोक आहेत.

मध्यंतर घड्याळ बघून घेऊ नका. प्रकरणं १२, टँगोसारखी सहा पावलं पुढे, सहा मागे. तिसऱ्यानंतर थांबा आणि सहाव्यानंतर थांबा, बस. तिसऱ्यात पावसातून दारू आणायला निघालेल्या डॉक्टरला गुत्त्याबाहेर एक लहान मुलगी भेटते. पाचव्यात तीच मुलगी खिडकीतून आतला नाच बघते. सहाव्यात आपण आत, त्या नाचात. रात्र एकच. म्हणून ४ ते ६ सलग, आणि १ ते ३ त्याच दिवशी. ‘रोज एक तास’वाले इथेच फसतात आणि वर चित्रपट कळला नाही म्हणतात.

पाचव्यात मुलगी मांजराचे हाल करते, ते बघवत नाही. मांजराला इजा झाली नाही, पशुवैद्य हजर होता, असं टार यांनी सांगितलं होतं. लहान मुलांना मात्र त्या वेळी खोलीत बसवू नका.

शेवटचा भाग (७ ते १२) सगळ्यात लांब, तो दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवला तरी चालेल. भरपेट जेवून मात्र बसू नका. सातव्या प्रकरणात, गावात परत आलेल्या गोडबोल्या इरिमियाशचं लांबलचक भाषण आहे (ही भूमिका करणारे मिहाय विग हेच चित्रपटाचे संगीतकार). तिथे पेंगलात तर गावकरी साठवलेले पैसे त्याच्या हवाली करून घरंदारं का सोडतात, याचा पत्ता लागणार नाही.