माउंट टेलरवर जिओकॅश शोधायला जाताना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील ग्रँट्स या गावाच्या ईशान्येस माउंट टेलर हा ३,४४६ मीटर उंचीचा, केव्हाच निवालेला ज्वालामुखी आहे. स्वतःला दिने म्हणवणारे नावाहो हे तिथले मूळनिवासी लोक त्याला त्सोड्झिल म्हणतात. त्यांच्या मायभूमीच्या चार दिशा राखणाऱ्या चार पवित्र पर्वतांपैकी हा दक्षिणेचा. तो दगडी सुरीने धरणीला खिळलेला आणि पिरोजाने मढवलेला आहे, असे त्यांची परंपरा सांगते. अकोमा, लगुना, झुनी आणि होपी लोकांनाही हा डोंगर पूज्य असून आजही तेथे प्रार्थना होतात, औषधी वनस्पती गोळा केल्या जातात. जिओकॅशिंग, म्हणजे लपवलेला डबा (जिओकॅश) जीपीएसच्या आधाराने हुडकण्याचा खेळ, अशा ठिकाणी खेळायचा असेल, तर चढाईपेक्षा शोधाच्या पद्धतीचा विचार अधिक करावा लागतो.

प्रथम जागेची मालकी पाहावी. माउंट टेलरचा बराचसा भाग सिबोला राष्ट्रीय वनात येतो आणि तेथील पायवाट सर्वांना खुली आहे. नावाहोंचा पवित्र पर्वत म्हटले की नावामुळे अनेकांची गल्लत होते ती युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवरील नावाहो माउंटनशी. तो मात्र नावाहो नेशनच्या स्वतःच्या भूमीवर आहे आणि तिथल्या मुलखात पायी हिंडायचे तर त्यांच्या उद्यान विभागाचा परवाना लागतो. ॲरिझोनातील सॅन फ्रान्सिस्को पीक्स हा पश्चिमेचा पवित्र पर्वत राष्ट्रीय वनातच आहे, पण वृक्षरेषेच्या वर पायवाट सोडण्यास तेथे मनाई आहे, कारण जगात इतरत्र कोठेही न आढळणारी एक इवलीशी वनस्पती त्या खडकाळ उतारांवर वाढते. या सर्वांचा विचार करता नवख्याने माउंट टेलरच निवडावा, असे माझे मत आहे.

घरून निघण्यापूर्वी जिओकॅशिंगच्या ॲपवर डब्याचे पान सावकाश वाचावे. काठिण्य (डबा शोधणे किती अवघड) आणि भूभाग (तिथवर पोहोचणे किती अवघड) यांना १ ते ५ असे दर्जे दिलेले असतात. त्यांपैकी दुसरा आकडा डोंगरावर अधिक महत्त्वाचा. शेवटच्या काही नोंदी ‘सापडला नाही’ अशा असतील, तर डबा हरवलेला असण्याची शक्यता धरून चालावे. डब्याचा आकार जरूर पाहावा, कारण तळहाताएवढी वस्तू शोधायची की जेवणाच्या डब्याएवढी, हे माहीत असले की निम्मी उलथापालथ वाचते. पान, नकाशा आणि अक्षांश-रेखांश फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत; वर नेटवर्कचा भरवसा धरू नये.

शिखराकडे जाणारी नेहमीची वाट गूजबेरी स्प्रिंग ट्रेल या नावाने ओळखली जाते. ग्रँट्सहून लोबो कॅन्यनच्या रस्त्याने वर गेल्यावर डांबर संपते आणि पुढे खडीच्या वनमार्गाने वाटेच्या सुरुवातीपर्यंत गाडी नेता येते. तेथून शिखर साधारण ५ किलोमीटर दूर आणि सुमारे ६०० मीटर वर आहे. आधी पाँडेरोसा पाइन आणि ॲस्पेनची झाडी लागते, नंतर गवताळ, उघडी सोंड. अंतर फार नसले तरी चढ सुरू होतो तोच २,८०० मीटरच्या आसपास, त्यामुळे समुद्रसपाटीवरून आलेल्याने एखादी रात्र ग्रँट्समध्ये काढून मग चढावे. डोके दुखू लागले, मळमळ जाणवली, तर डब्याचा नाद सोडून खाली उतरावे. प्रत्येकी ३ लिटर पाणी बरोबर घ्यावे. वाटेच्या नावातल्या ‘स्प्रिंग’वर, म्हणजे झऱ्यावर, विसंबू नये. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी विजांची वादळे येतात आणि उघड्या सोंडेवर आडोसा नसतो, म्हणून पहाटे निघून मध्याह्नापूर्वी झाडीत परतावे. हिवाळ्यात बर्फ असतो. तेव्हा डबाही बर्फाखालीच असणार.

आता मुख्य गोष्ट. जिओकॅश शोधणाऱ्याची नजर अस्वाभाविक रचना टिपायला सरावलेली असते: एकावर एक ठेवलेले दगड, फांदीला बांधलेले कापड, खोबणीत खोचलेली वस्तू. पवित्र डोंगरावर नेमक्या याच खुणा कोणीतरी वाहिलेल्या नैवेद्याच्या असू शकतात. पिरोजाचे वा शिंपल्याचे तुकडे, पीठ, परागकण, पिसे असलेली काठी असे काही दिसले, तर हात न लावता, फोटो न काढता पुढे जावे. दगडांची रास उचकटून आत पाहू नये. चांगल्या पद्धतीने लपवलेला डबा जमीन न उकरता सापडावा, असा या खेळाचा नियमच आहे. म्हणून जे काढायला खणावे लागेल, ते आपले नव्हे असे समजावे. जुने खापराचे तुकडे आणि बाणांची टोके उचलणे तर अमेरिकेच्या संघीय भूमीवर गुन्हा ठरू शकते.

झाडीत जीपीएस सहज ५ ते १० मीटर चुकतो. तेवढ्या अंतरावर पोहोचल्यावर ॲपमधल्या दिशादर्शक बाणामागे गोल गोल फिरू नये, त्याने गवत तुडवले जाते आणि हाती काही लागत नाही. एका जागी उभे राहून, मी असतो तर येथे डबा कोठे ठेवला असता, हा विचार करावा आणि पडलेली खोडे, मुळांमधल्या पोकळ्या आधी डोळ्यांनीच तपासाव्यात. जवळ कोणी प्रार्थना करीत असेल, तर शोध थांबवून दूर जावे. ते उठण्याची वाट पाहत घुटमळणेही बरे नव्हे.

डबा मिळाल्यावर नोंदवहीत तारीख आणि टोपणनाव लिहावे. थंडीत बॉलपेन दगा देते, पेन्सिल देत नाही. आतील वस्तू घेतल्यास त्याच मोलाची दुसरी ठेवावी, मात्र खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, कारण वासाने जनावरे डबा फोडतात. झाकण घट्ट लावून तो होता तसा, तेथेच ठेवावा. परतल्यावर ॲपवर नोंद करताना वाटेची स्थिती सविस्तर लिहावी, परंतु नैवेद्याच्या जागांचा उल्लेख टाळावा. डबा सापडला नसेल तर तसेही नोंदवावे, म्हणजे तो जागेवर आहे की नाही हे लपवणाऱ्याला तपासता येते.